कूळ आधी, नाव मागून: ड्रॅगनबॉर्न नावाची बोलघेवडी जमात

बहिणीकडे गेले होते. हॉलमध्ये भाचा आणि त्याचे चार मित्र जमिनीवर फेर धरून बसलेले. मध्ये चिवड्याची ताटली, पेन्सिली, खाडाखोड केलेले कागद आणि विचित्र आकाराचे फासे. पट नाही, पत्ते नाहीत. एवढ्यात भाचा उठून उभा राहिला, छाती पुढे काढली आणि खर्जात गरजला, "मी व्हर्थिसाथुर्गीश कुळाचा रोगार! या पुलावर पाय ठेवणाऱ्यानं आधी आपलं कूळ सांगावं!" पुढची वीस मिनिटं पुलावर कोणीही पाय ठेवला नाही. नुसती बोलाचाली.

"हे रोजचंच," बहीण स्वयंपाकघरातून म्हणाली. "लढाई दोन मिनिटं, बडबड दोन तास."

पोरं गेल्यावर मी विचारलं, तर उत्तर आलं, "अगं मावशी, मी ड्रॅगनबॉर्न आहे ना!" जणू एवढ्यानं सगळं स्पष्ट झालं. मग त्यानं समजावलं, मी थोडं वाचलं, थोडं त्याच्याशी भांडले. घरातल्या मुलांच्या तोंडी हे शब्द ऐकून गोंधळलेल्या माझ्यासारख्यांसाठी हा लेख.

दशावतार पाहिलाय? मग अर्धं समजलं

खेळाचं नाव 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'. सगळे 'डी अँड डी' म्हणतात. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नसन या दोघांनी तो काढला. यात जिंकणं-हरणं जवळपास नसतंच. एक जण सूत्रधार होतो, बाकीचे प्रत्येकी एकेक पात्र घेतात. सूत्रधार सांगतो, "समोर पूल आहे, पलीकडे चार माणसं उभी आहेत, काय करता?" आणि खेळाडू आपल्या पात्राच्या तोंडून बोलू लागतात. एखादी गोष्ट जमेल की नाही अशी शंका आली की वीस बाजूंचा फासा टाकायचा. आकडा पुरेसा मोठा आला तर जमलं.

कोकणात रात्रभर चालणाऱ्या दशावतारात संवादांची वही नसते. कथानक ठरलेलं, पात्रं ठरलेली. पण राजा राक्षसाला नेमकं काय सुनावणार, हे त्या रात्री त्या देवळापुढेच ठरतं. तरी नट अडखळत नाही. राजा कसा चालतो, कुणापुढे मान तुकवतो, कुणावर डोळे वटारतो हे त्याच्या अंगात मुरलेलं असतं. तेवढ्या शिदोरीवर तो तासभर बोलू शकतो.

डी अँड डीच्या पुस्तकांत प्रत्येक काल्पनिक जमातीची कुळं, नावं, भाषा, मानापमान पानंच्या पानं लिहिलेलं असतं ते याचसाठी. आयटीतला एखादा पोरगा शनिवारी संध्याकाळी एकदम साडेसहा फुटी खवलेवाला योद्धा कसा होणार? त्याला राजाची चाल कुणीतरी शिकवायला हवी.

अंडं, खवले आणि एकच फुंकर

'ड्रॅगन'ला मराठीत नीट शब्द नाही. नाग म्हणावं तर पंख आहेत, मगर म्हणावी तर आग ओकते, आणि राक्षस म्हणावा तर काही ड्रॅगन चक्क सज्जन असतात. तेव्हा ड्रॅगनच म्हणू.

ड्रॅगनबॉर्न म्हणजे ड्रॅगनच्या वंशातले, पण माणसासारखे दोन पायांवर चालणारे लोक. डोकं ड्रॅगनचं, अंगभर खवले. खेळाच्या २०१४ च्या मुख्य नियमपुस्तकात त्यांना पंखही नाहीत आणि शेपूटही नाही (शेपटीवरून खेळाडूंमध्ये अजून वाद होतात, त्यात मी पडत नाही). उंची सहा फुटांच्या बरीच वर, वजन साधारण २५० पौंड, म्हणजे ११३ किलोच्या आसपास. ते अंड्यातून जन्मतात, काही तासांत चालू लागतात. तीन वर्षांचं पोर आपल्याकडच्या दहा वर्षांच्या मुलाएवढं होतं, पंधराव्या वर्षी सज्ञान. आयुष्य मात्र आपल्यासारखंच, ऐंशीच्या घरात.

पूर्वज ड्रॅगन कोणत्या रंगाचा, त्यावरून त्यांच्या श्वासात काय दडलंय ते ठरतं. लाल किंवा सोनेरी असेल तर आग, पांढरा किंवा चंदेरी असेल तर हाडं गोठवणारी थंडी, निळ्याची वीज, काळ्याचं आम्ल, हिरव्याचं विष. पितळी, कांस्य आणि तांब्याच्या रंगाचेही आहेत, एकूण दहा. याला आपण श्वासास्त्र म्हणू. २०१४ च्या नियमांत हे अस्त्र एकदा फुंकलं की निदान तासभर विश्रांती घेतल्याशिवाय पुन्हा येत नाही.

मला यात गंमत वाटली. ज्याच्या तोंडातून आग निघते त्याला ती दिवसातून मोजक्या वेळाच वापरता येते. उरलेला सगळा वेळ तेच तोंड बोलण्यासाठी मोकळं.

तू कुणाचा रे?

गावाकडे अनोळखी पोर दिसलं की म्हातारी माणसं त्याचं नाव नंतर विचारतात. आधी विचारतात, "कुणाचा रे तू?" ड्रॅगनबॉर्नच्या संस्कृतीचा कणा हाच प्रश्न.

त्यांचा समाज कुळांत बांधलेला आहे. प्रत्येकाला आपल्या कुळातली जागा आणि जबाबदारी ठाऊक असते. कूळ जिवापेक्षा मोठं. एकाच्या वागण्यानं सगळ्या कुळाचा मान वाढतो किंवा जातो. मान घालवला तर कुळाबाहेर हकालपट्टी. कुळाला मदत लागली तर ते आधी दुसऱ्या ड्रॅगनबॉर्न कुळाचं दार ठोठावतात, इतर जमातींचं किंवा देवांचं नंतर. देव नंतर! हे वाचून मी थबकलेच.

म्हणून स्वतःचं नाव सांगताना कुळाचं नाव आधी येतं. मराठी माणसाला यात नवल वाटायचं कारण नाही. आपली दहावीची गुणपत्रिका काढून बघा: आडनाव पहिलं, मग आपलं नाव, मग वडिलांचं. आपल्याकडे ती कागदोपत्री सोय आहे, त्यांच्याकडे तो अभिमान. आणि आडनावं कसली? किंबाटूल, मायास्टन ही त्यातली सोपी. फेंकेनकाब्राडॉन, ओफिंश्तालाजीर, क्लेथ्टिंथियालोर ही अवघड. गुणपत्रिकेच्या चौकटीत मावायची नाहीत.

आडनावाच्या मानानं स्वतःचं पाळण्यातलं नाव आखूड: क्रिव्ह, घेश, अक्रा, बिरी, सोरा. घरचा माणूस एका श्वासात हाक मारेल असं. म्हणजे नाव आपल्यासाठी, आडनाव जगाला ऐकवण्यासाठी.

याशिवाय तिसरं नाव असतं, आणि मला ते सगळ्यात आवडलं. एकाच घरट्यातल्या अंड्यांतून बाहेर आलेली भावंडं एकमेकांना लहानपणी टोपणनाव ठेवतात. एखाद्या सवयीवरून किंवा घडलेल्या प्रसंगावरून. पुस्तकातल्या यादीत सारखं झाडावर चढणारा आहे, उड्या मारणारा आहे, ढालीला चावणारा आहे. आणि एक नाव असंही आहे ज्याचा सरळ मराठी अर्थ 'कान किटवणारा'. सतत बोलून समोरच्याचे कान दमवणारा. सहा-सात नावांच्या त्या छोट्या यादीत त्याला जागा आहे, यावरून काय ते समजा.

पण बोलघेवडे कशानं?

इथे प्रामाणिकपणे सांगायला हवं. २०१४ च्या पुस्तकातलं वर्णन वाचलं तर ड्रॅगनबॉर्न अभिमानी, स्वावलंबी, हार न सोसणारे, हातातलं काम चोख करणारे असे दिसतात. बडबडे हा शब्द त्यात नाही. मग खेळाच्या टेबलावर हेच लोक एवढे का बोलतात?

उत्तर आकड्यांत आहे. प्रत्येक पात्राला सहा गुण असतात: ताकद, चपळाई, सहनशक्ती वगैरे. त्यातला सहावा म्हणजे 'करिष्मा'. समोरच्यावर आपली छाप पाडायची कुवत. गोड बोलून पटवणं, थाप मारणं, दरडावणं, गाऊन-नाचून रिझवणं ही चारही कौशल्यं या एका गुणावर चालतात. २००८ च्या चौथ्या आवृत्तीत ड्रॅगनबॉर्नला जन्मतःच ताकदीत २ आणि करिष्म्यात २ अशी वाढ मिळायची. वर इतिहासाचं ज्ञान आणि दरडावणं या दोन कौशल्यांतही २-२ ज्यादा. २०१४ मध्ये करिष्म्याची वाढ १ वर आली, पण राहिली.

आता हिशेब करू. पुलावरच्या पहारेकऱ्याला पटवायला १५ चा आकडा हवा आहे. साध्या माणसाला वीस बाजूंच्या फाशावर १५ किंवा त्याहून जास्त पडावं लागेल. वीसपैकी सहा वेळा, म्हणजे ३० टक्के. ज्या पात्राचा करिष्मा चांगला आहे आणि ज्याला पटवण्याचा सराव आहे त्याच्या फाशात ५ मिळवायचे असले, तर त्याला १० पुरतात. वीसपैकी अकरा वेळा, ५५ टक्के. ज्याला बोलून ५५ टक्के यश मिळतं तो तलवार कशाला काढेल? साहजिकच खेळाडू आपल्या ड्रॅगनबॉर्नला शाहीर किंवा शपथबद्ध योद्धा करतात, आणि तोंड चालवतात.

दुसरं कारण कुळाचं. ज्याचा सगळा मान कुळाच्या नावात आहे त्याला प्रत्येक दारात ते नाव उच्चारावं लागतं. ते उच्चारलं की समोरचा विचारतो, "हे कोण?" मग आजोबांची लढाई, पणजीची प्रतिज्ञा, सगळं ओघानं आलंच. लग्नात दोन अनोळखी म्हातारे शेजारी बसले की पाच मिनिटांत नातं काढतात, त्यातलाच प्रकार.

तिसरं, भाषा. त्यांची भाषा ड्रॅकॉनिक, ड्रॅगनांचीच. खेळाच्या जगात ती अतिप्राचीन भाषांपैकी एक मानली जाते आणि जादूच्या अभ्यासात वापरली जाते. आपल्याकडे मंत्रासाठी संस्कृत, तसं. ऐकायला मात्र कठोर: ट, ड, क अशी कडक व्यंजनं आणि वर फुत्कारल्यासारखे स, श. माझा भाचा प्रेमानं बोलला तरी भांडल्यासारखं वाटतं. सूत्रधार झालेला त्याचा मित्र म्हणे दर वेळी विचारतो, "अरे, हे आता पटवणं होतं की दरडावणं?" त्यावर फाशाच्या आकड्यात किती मिळवायचे हे ठरतं, त्यामुळे प्रश्न रास्तच आहे.

संगणकावर हे जरा वेगळं चालतं. 'बाल्डर्स गेट ३' हा बेल्जियमच्या लॅरियन स्टुडिओजचा २०२३ मधला खेळ डी अँड डीवरच बेतलेला आहे, आणि आपल्याकडच्या बऱ्याच मुलांनी ड्रॅगनबॉर्न पहिल्यांदा पाहिला तो तिथे. त्यात संवाद आधीच लिहिलेले असतात, आपण त्यातून निवडायचं. पात्र ड्रॅगनबॉर्न असेल तर काही ठिकाणी फक्त त्याच्यासाठी लिहिलेलं उत्तर यादीत उगवतं. तिथे बोलणं बक्षिसासारखं मिळतं. हॉलमधल्या चिवड्याभोवती ते स्वतःच रचावं लागतं. मला दुसरं बरं वाटतं, पण मी काही संगणकवाली नव्हे.

ड्रॅगनची लेकरं, पण ड्रॅगनवरच राग

मग हे लोक ड्रॅगनला देवासारखं पूजत असतील? कुठल्या जगात खेळता त्यावर अवलंबून. डी अँड डीमध्ये एकच पृथ्वी नाही, सूत्रधार जग निवडतो, आणि प्रत्येक जगात या जमातीचा इतिहास निराळा.

चौथ्या आवृत्तीच्या जगात त्यांचं आर्खोसिया नावाचं साम्राज्य होतं. बेल टुराथ या दुसऱ्या साम्राज्याशी झुंजून दोन्ही बुडाली. आता विखुरलेली कुळं आणि भाडोत्री सैनिक उरलेत. त्यामुळे बोलण्यात सतत 'एके काळी आमच्याकडे'. जुन्या वाड्याचा एकच खण उरलेल्या घरात हा सूर आपण ऐकलेला असतो.

'फर्गॉटन रेल्म्स' या जगात मात्र कथा उलटी. तिथे ड्रॅगनबॉर्न पिढ्यान् पिढ्या ड्रॅगनांचे गुलाम होते. बंड करून सुटले आणि स्वतःचं राष्ट्र उभारलं. पुढे जादूच्या एका उत्पातात त्यांची भूमीच एका जगातून उचलली जाऊन दुसऱ्यात येऊन पडली. टायमँथर हे त्यांचं तिथलं राज्य. या लोकांना 'तू ड्रॅगनचा वंशज' म्हणणं म्हणजे शिवी. ते देवांपासूनही चार हात लांब राहतात. चेहरा ज्याचा, राग त्याच्यावरच! आरशात बघताना यांना काय वाटत असेल, हा प्रश्न मी भाच्याला विचारला. तो गप्प झाला, आणि त्याला गप्प करणं सोपं नाही.

आणि २००६ साली ही जमात पहिल्यांदा पुस्तकात आली तेव्हा तर ड्रॅगनबॉर्न वंशानं नव्हतेच. कुठल्याही जमातीचा माणूस बहामुट या ड्रॅगनदेवाला वाहून घ्यायचा, एका विधीत अंड्यात शिरायचा आणि खवले घेऊन नव्यानं बाहेर पडायचा. दोन वर्षांनी चौथ्या आवृत्तीत ते बदललं आणि आजची जन्मजात जमात झाली.

सगळं रचलेलंच ना? मग एवढा कीस कशाला?

हा बहिणीचा प्रश्न. रचलेलं आहे, कबूल. कंपनीनं पुस्तकं विकायला रचलेलं आहे, हेही कबूल.

पण सरपटणाऱ्या पूर्वजावर दावा सांगणं ही काही अमेरिकन कंपनीची कल्पना नाही. व्हिएतनामी लोक स्वतःला ड्रॅगन आणि परीची लेकरं म्हणवतात. समुद्रातला ड्रॅगनराजा आणि डोंगरातली परी यांना शंभर अंड्यांच्या पिशवीतून शंभर मुलं झाली, पन्नास बापाबरोबर समुद्राकडे गेली आणि पन्नास आईबरोबर डोंगरात, अशी ती कथा. आपल्या झारखंडात छोटा नागपूरचे नागवंशी राजे आपलं मूळ पुंडरीक नागापर्यंत नेत. खऱ्या माणसांनीही पूर्वज निवडलेत आणि त्यावर वंशावळी, मानपान, दरबारातली जागा उभी केली आहे. फरक एवढाच की खेळातलं कूळ शनिवारी रात्री दप्तरात भरून ठेवता येतं.

म्हणजे स्वभाव जन्मानं ठरतो?

हा माझा प्रश्न, आणि तो मला खरोखर टोचला. अमुक जमातीत जन्मला म्हणून बलवान आणि बोलका, तमुक जमातीत जन्मला म्हणून दुसरं काही. महाराष्ट्रात वाढलेल्या कुणालाही हे वाक्य निरागस वाटणार नाही. 'कूळ आधी' म्हटल्यावर तर नाहीच. आपल्याकडे अनेक तरुण मुद्दाम आडनाव गाळून आई-वडिलांची नावं लावतात, ते काय उगाच?

खुद्द खेळाडूंनीही हा आक्षेप घेतला होता. २०२० साली आलेल्या एका पूरक पुस्तकात जन्माबरोबर मिळणारी गुणवाढ हव्या त्या गुणाला द्यायची मुभा मिळाली. २०२४ च्या नव्या नियमपुस्तकात 'वंश' हा शब्दच काढून 'प्रजाती' आणला, आणि ताकद, करिष्मा वगैरेची वाढ जन्माकडून काढून पूर्वायुष्याकडे दिली. तुमचं पात्र आधी सैनिक होतं, देवळात सेवेला होतं की फिरता कलावंत होतं, यावर ती ठरते. श्वासास्त्र वंशाचं राहिलं, वाक्चातुर्य राहिलं नाही. आता ड्रॅगनबॉर्नला बोलण्याचा सराव कमवावा लागतो. मला हे पटलं. काही जुने खेळाडू मात्र कुरकुरतात की मग जमातीत उरलं काय?

उरलं ते कूळ. आणि तिथेच मला वाटतं सगळ्यात चांगलं बोलणं सापडतं, पण कुळात सुखानं राहणाऱ्याच्या तोंडी नाही, तर हाकलून दिलेल्याच्या. वाळीत टाकणं म्हणजे काय हे आपल्याला सांगायला नको. सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ चा स्वतंत्र कायदा महाराष्ट्राला करावा लागला. ज्याचं कूळ काढून घेतलंय त्याला पुलावर कोणी "कूळ सांग" म्हटलं तर तो काय म्हणेल? खोटं नाव सांगेल? फक्त लहानपणचं टोपणनाव सांगेल? की "मीच माझं कूळ" म्हणेल? यातलं एक निवडायला भाच्याच्या एका मित्राला म्हणे पूर्ण संध्याकाळ लागली होती.

परवा पुन्हा गेले तेव्हा एक गडी कमी होता, म्हणून मला बसवलं. कोरा कागद दिला. जमात: ड्रॅगनबॉर्न. रंग: तांब्याचा, कारण बहिणीच्या स्वयंपाकघरात तोच दिसत होता. कूळ मी किंबाटूल घेतलं, उच्चारायला जमेल असं. मग सूत्रधार पोरगा पेन्सिल सरसावून म्हणाला, "काकू, घरट्यातल्या भावंडांनी ठेवलेलं नाव?"

मी काही बोलायच्या आत बहिणीनं स्वयंपाकघरातून ओरडून सांगितलं, "टकळी! लिही, टकळी!"